बिनदांड्याचा पंप

लंडन शहराच्या ऐन मध्यभागी सोहो नावाची एक जुनी, गजबजलेली वस्ती आहे. नाटकगृहे, खानावळी, लहानमोठी दुकाने आणि गाण्याबजावण्याची ठिकाणे ह्यांमुळे ती रात्रंदिवस जागती असते. ह्या वस्तीतल्या ब्रॉडविक स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर, एका मद्यगृहाजवळ, एक काळा लोखंडी पंप उभा आहे. आपल्या खेड्यापाड्यांतून हापसा असतो, त्याचाच हा विलायती भाऊ म्हणाना! फरक एवढाच, की ह्या हापशाला दांडा नाही. त्यातून पाणी येत नाही, आणि कधी येणारही नाही. तरीसुद्धा जगाच्या कानाकोपऱ्यांतून डॉक्टर मंडळी इथे येतात आणि ह्या मुक्या पंपाशेजारी उभे राहून आपले छायाचित्र काढून घेतात. जवळच रस्त्याच्या कडेला तांबूस ग्रॅनाइटचा एक दगड बसवलेला आहे. मूळचा पंप होता तो ह्याच ठिकाणी, असे मद्यगृहाच्या भिंतीवरची पाटी सांगते.

हा पंप २०१५ साली आजूबाजूच्या बांधकामासाठी उखडून नेण्यात आला होता. तीन वर्षांनी, २०१८ साली, तो पुन्हा उभा करण्यात आला. एका मोडक्या पंपाचे एवढे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. लंडनसारख्या शहरात राजेरजवाड्यांचे आणि सेनापतींचे पुतळे काय थोडे आहेत? परंतु ह्या पंपाची कथा मोठी विलक्षण आहे. आणि ती साधारणपणे जशी सांगितली जाते, तशी ती घडलेली नाही, हे तर त्याहून विलक्षण आहे.

पटकी हा शब्द आजच्या मुलांना कदाचित ठाऊकही नसेल. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी मात्र तो होता. कुणाचे वाटोळे व्हावे असे वाटले, तर ‘तुला पटकी येवो’ ह्याहून जहाल शाप त्यांना सुचत नसे. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत जुलाब-उलट्यांनी सुकून काळानिळा पडायचा आणि उजाडायच्या आत त्याची तिरडी बांधावी लागायची. मग मरीआईचा गाडा ओढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा, अशी रीत होती.

१८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात ह्या रोगाची जी साथ उठली, तिने पुढे देशांच्या सीमा जुमानल्या नाहीत. व्यापाराच्या वाटांनी आणि जहाजांच्या शिडांबरोबर पटकी पश्चिमेकडे सरकत गेली आणि १८३१ साली ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तिथे मरीआई नव्हती. परंतु तिच्या जागी तिथल्या विद्वानांनी आणि डॉक्टरांनी दुसरी एक देवता बसवली होती, ती म्हणजे दुर्गंधी. सडलेल्या कचऱ्यातून, गटारांतून, मसणवटीतून विषारी हवा उठते आणि ती नाकातून शरीरात शिरली की पटकी होते, असे त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांचे ठाम मत होते. गरिबांच्या वस्तीत घाण असते आणि तिथेच माणसे अधिक मरतात, तेव्हा हे मत सकृद्दर्शनी पटण्यासारखेही होते.

ज्यांना ते पटले नाही, अशा थोड्यांपैकी एक जॉन स्नो नावाचे डॉक्टर होते. यॉर्क गावातल्या एका मजुराच्या घरी १८१३ साली त्यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. १८३१-३२ च्या साथीत ह्या कोवळ्या पोराला किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीवर रोग्यांच्या शुश्रूषेसाठी पाठवण्यात आले. खाणकामगार दिवसभर जमिनीखाली असत, तिथेच शौचाला बसत आणि त्याच न धुतलेल्या हातांनी भाकरतुकडा खात. हे दृश्य स्नो ह्यांच्या मनात खोल रुजले असले पाहिजे, कारण पुढे त्यांनी आपल्या लेखनात खाणकामगारांच्या ह्या सवयींकडे मुद्दाम बोट दाखवले आहे.

पुढे लंडनमध्ये त्यांनी नाव मिळवले ते मात्र भूल देण्याच्या कलेत. ईथर आणि क्लोरोफॉर्म ह्यांची वाफ किती द्यावी, कशी द्यावी ह्याचे शास्त्र त्यांनी बसवले. १८५३ साली खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनी तिला क्लोरोफॉर्म दिले. आता गंमत पाहा. वाफा आणि वायू ह्यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्याच माणसाला हवेतून पटकी पसरते हे मत लटके वाटले! वायू लांब जावा तसा विरळ होत जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शिवाय हवेतून विष आत जात असेल, तर दुखणे आधी छातीत यावे. पटकी तर आतड्यांपासून सुरू होते. तेव्हा विष पोटातूनच जात असले पाहिजे, आणि पोटात जाणारी, सर्वांना सारखी लागणारी वस्तू म्हणजे पाणी. हा विचार त्यांनी १८४९ साली एका लहानशा पुस्तिकेत मांडला. तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी पटकी त्यांच्या दाराशी आली.

त्या वेळी ब्रॉडविक स्ट्रीटचे नाव ब्रॉड स्ट्रीट असे होते. आजचे नाव त्याला १९३६ साली मिळाले. शिंपी, चांभार, लहानसहान कारागीर अशा कष्टकरी लोकांची ही वस्ती. एकेका घरात मजल्यामजल्यावर, खोलीखोलीत बिऱ्हाडे. शौचाची सोय म्हणजे घराखाली विटांनी बांधलेला मैल्याचा खड्डा. आणि पिण्याच्या पाण्याची सोय म्हणजे नाक्यावरचा पंप. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी गार आणि चवदार म्हणून नावाजलेले होते. जवळचा दुसरा पंप सोडून लोक इथे पाण्याला येत. लहान दुकानदार त्याच पाण्यात फसफसणारी पूड टाकून ते ‘सरबत’ म्हणून विकत.

१८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटच्या रात्री ह्या वस्तीवर जणू वीज कोसळली. पहिल्या तीन दिवसांत सव्वाशेच्या वर माणसे दगावली. दहा दिवसांत हा आकडा पाचशेच्या घरात गेला. सबंध साथीत ६१६ बळी पडले, आणि बहुतेक सगळे अवघ्या चार-पाच रस्त्यांच्या टापूत. ज्यांना पळणे शक्य होते ते पळाले. राहिलेल्यांच्या खोल्यांतून नवरा-बायको एकमेकांशेजारी मरून पडलेली आढळू लागली.

डॉक्टर स्नो ह्यांचे घर ह्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होते. ज्या वस्तीतून लोक बाहेर पळत होते, त्या वस्तीत ते रोज जाऊ लागले. त्यांनी मृत्यूंच्या नोंदवहीतून पहिल्या काही दिवसांतल्या ८३ मृत्यूंची यादी मिळवली आणि घरोघर हिंडायला प्रारंभ केला. प्रश्न एकच: पाणी कोठले पीत होता? बहुतेक सगळे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती घडलेले. दुसरा एखादा पंप अधिक जवळ आहे, अशा घरांतले मृत्यू फक्त दहा. त्यांतल्या पाच घरांनी सांगितले, ‘आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटचेच आणवीत असू.’ आणखी तीन होती शाळकरी मुले. त्यांची शाळेची वाट त्या पंपावरून जात होती.

जे मेले त्यांच्याइतकीच जे वाचले त्यांचीही चौकशी केली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. इथेच ह्या माणसाची बुद्धी दिसून येते. पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठी वर्कहाउस होते. त्यात ५३५ माणसे दाटीने राहत होती. चारी बाजूंना पटकीने हाहाकार माजवलेला. तिथे मेले फक्त पाच. कारण काय? वर्कहाउसची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा एक कारखाना होता. तिथे सत्तरांवर कामगार, आणि मृत्यू एकही नाही. मालकाने सांगितले, की आमची माणसे बिअरच पितात, आणि पाणी लागले तर आमच्या आवारात विहीर आहे. उलट त्याच रस्त्यावर बंदुकीच्या केपा करण्याचा एक कारखाना होता. तिथे कामगारांना पिण्यासाठी पंपाच्या पाण्याची दोन पिंपे नेहमी भरलेली असत. सुमारे दोनशे कामगारांपैकी तिथले अठरा दगावले. दुर्गंधी तर तिन्ही ठिकाणी सारखीच होती!

आणि शेवटी एक असा मृत्यू सापडला, की त्याने कुणाच्याही मनातली शंका फिटावी. ह्या केपांच्या कारखानदारांची वृद्ध विधवा आई दूर हॅम्पस्टेड गावात, टेकडीवरच्या स्वच्छ हवेत राहत होती. तिथे पटकीचे नावही नव्हते. पण पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहिलेली, आणि त्या पंपाच्या पाण्याची चव तिच्या जिभेवर बसलेली. म्हणून मुलगे रोज गाडीबरोबर तिच्यासाठी त्या पाण्याची एक बाटली पाठवीत. ३१ ऑगस्टला गेलेल्या बाटलीतले पाणी ती प्याली आणि दोन दिवसांत पटकीने वारली. तिला भेटायला आलेली भाची तेच पाणी पिऊन आपल्या गावी परत गेली आणि तीही मेली. मुलांचे मातृप्रेमच त्या माउलीचा काळ ठरले.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्या भागाच्या पंचांची सभा भरली होती. डॉक्टर स्नो तिथे गेले आणि त्यांनी आपले म्हणणे मांडले. पंचांना ते पटले असे नव्हे. परंतु बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, पंपाचा दांडा काढून घेण्यात आला.

शाळेच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून ही कथा इथे संपते. डॉक्टरांनी नकाशा काढला, नकाशावरून पंप सापडला, दांडा काढला आणि साथ थांबली! मोठी सुटसुटीत कथा आहे. मुलांना ती आवडतेही. पण इतिहास असा सुटसुटीत क्वचितच असतो.

पहिली गोष्ट ही, की मृत्यूंच्या काळ्या खुणांचा तो प्रसिद्ध नकाशा दांडा काढल्यानंतर तयार झाला. शोध लागला तो पायांनी, कागदावर तो उतरला नंतर. दुसरी गोष्ट अशी, की दांडा निघाला तेव्हा साथ अगोदरच ओसरू लागली होती. हे कुणा टीकाकाराने उकरून काढलेले नाही. लोक वस्ती सोडून पळून गेल्यामुळेही मृत्यू कमी झाले असावेत, हे स्वतः डॉक्टर स्नो ह्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. आणि तिसरी गोष्ट तर अशी, की पाटीवर ती लिहायला कुणाचाही हात धजणार नाही: साथ संपल्यावर तो दांडा पुन्हा बसवण्यात आला! सरकारी आरोग्यमंडळाने नेमलेल्या समितीने पाण्याची ही उपपत्ती साफ नाकारली आणि दोष पुन्हा हवेच्या माथी मारला. लोक पुन्हा त्या पंपाचे गार पाणी भरू लागले.

मग ते दांडा काढणे व्यर्थच गेले म्हणायचे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका धर्मोपदेशकाने शोधून काढले, आणि माझ्या मते ह्या सगळ्या कथेचा खरा रस इथे आहे.

सोहोतल्या सेंट ल्यूक चर्चमध्ये हेन्री व्हाइटहेड नावाचे २८ वर्षांचे एक तरुण पाद्री होते. साथीच्या दिवसांत ते रोग्यांच्या उशापायथ्याशी बसलेले होते. वस्तीतला एकन् एक माणूस त्यांच्या ओळखीचा. स्नो ह्यांचे म्हणणे त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांना ते मुळीच रुचले नाही. पंपाचे पाणी पिऊन बरे झालेले रोगी त्यांनी स्वतः पाहिले होते. तेव्हा हे मत खोटे आहे असे सिद्ध करावे, ह्या हेतूने त्यांनी चौकशी सुरू केली. एकेका घरी ते चार-चार, पाच-पाच वेळा गेले. गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचा त्यांनी माग काढला. आणि जसजशी माहिती गोळा होत गेली, तसतसे त्यांना दिसू लागले, की डॉक्टर म्हणतात तेच खरे आहे. हट्टाने खोडायला निघालेला हा माणूस ज्या दिवशी सत्य दिसले त्या दिवशी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. अशी माणसे कोणत्याही काळी दुर्मिळच.

परंतु एक कोडे उरले होते. पंपाच्या विहिरीत विष आले कोठून? व्हाइटहेड मृत्यूंच्या नोंदी पुन्हा चाळत असता एका ओळीवर त्यांची नजर थबकली. ४० नंबर ब्रॉड स्ट्रीट. २ सप्टेंबर. पाच महिन्यांची मुलगी. जुलाब होऊन, त्यानंतर चार दिवसांनी मृत्यू. म्हणजे हे बाळ आजारी पडले ते साथ भडकण्याच्या अगोदर! आणि ४० नंबरचे घर तर त्या पंपाच्या अगदी समोर. ते घर लुइस नावाच्या एका पोलीस शिपायाचे होते. व्हाइटहेड त्या बाळाच्या आईकडे गेले. तिने सांगितले, की बाळाचे लंगोट बादलीत धुऊन ते पाणी मी घराच्या पुढच्या भागाखाली असलेल्या खड्ड्यात ओतत असे. पुढे १८५५ साली तिथे खणून पाहण्यात आले. खड्ड्याच्या विटा कुजून सैल झाल्या होत्या, त्यातले पाणी झिरपून बाहेर मुरत होते, आणि तिथून पंपाच्या विहिरीचे अंतर पुरते तीन फूटही नव्हते.

आता ह्या आईच्या दुःखाचा पुढचा भाग ऐका. बाळ गेल्यावर काही दिवसांनी तिचा नवरा, तो पोलीस शिपाई, पटकीने आजारी पडला. तो दिवस ८ सप्टेंबर. ज्या दिवशी पंपाचा दांडा निघाला, नेमका तोच दिवस! अकरा दिवस तो मृत्यूशी झगडला आणि १९ सप्टेंबरला वारला. ह्या अकरा दिवसांत त्याच्या रोगाचे पाणी त्याच खड्ड्यात गेले असणार आणि तीन फुटांवरच्या त्याच विहिरीत झिरपले असणार. फक्त आता ते वर ओढायला दांडा नव्हता. म्हणजे चालू साथ त्या दांड्याने थांबली नसेल. पण त्याच विहिरीतून उठू शकणारी दुसरी साथ मात्र उठली नाही. न घडलेल्या घटनेची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. त्या दांड्यामुळे कोण कोण वाचले, हे त्यांना स्वतःलाही कधी कळले नाही.

त्याच सुमारास डॉक्टर स्नो ह्यांनी टेम्स नदीच्या दक्षिणेकडच्या वस्तीत आणखी मोठी पाहणी केली. तिथे दोन कंपन्या एकाच रस्त्यावरच्या घरांना पाणी पुरवीत. एक कंपनी शहराच्या मैल्याने भरलेल्या पात्रातून पाणी घेई, दुसरीने आपले पाणी वरच्या स्वच्छ भागातून घ्यायला सुरुवात केली होती. पहिलीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या घरांमागे ३७. एवढे आकडे समोर असूनही जाणत्यांची मते बदलली नाहीत. १८५८ च्या जून महिन्यात, वयाच्या ४५ व्या वर्षी, डॉक्टर स्नो वारले. ‘लॅन्सेट’ ह्या नामवंत वैद्यकीय पत्राने त्यांच्यावर चार ओळी लिहिल्या. त्यांत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा नव्हता. त्याच उन्हाळ्यात टेम्स नदीला असा काही घाण वास सुटला, की पार्लमेंटलाही नाक धरावे लागले, आणि त्या धास्तीने लंडनची भुयारी गटारे बांधायचे ठरले. नियतीचा विनोद पाहा! गटारे बांधली दुर्गंधी घालवण्यासाठी, आणि शुद्ध झाले पाणी. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाला पटकीचा जंतू पाण्यात सापडला तो आपल्याच देशात, कलकत्त्यातल्या एका तळ्यात. आणि त्या तळ्यातही पटकीने मेलेल्या माणसाचे कपडे धुतले गेले होते. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बाळाच्या लंगोटांचीच ती कथा पुन्हा.

माणसे विसरली जातात ती अशी. आणि आठवली जातात तीही एकदम नव्हे, हळूहळू. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत मित्रांनी स्नो ह्यांच्या थडग्यावर दगड उभा केला होता. तो जीर्ण झाला, तेव्हा १८९५ साली त्यांच्या एका जुन्या मित्राने पुढाकार घेऊन त्याची दुरुस्ती केली. १९३८ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी तो पुन्हा नीट केला. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन बाँबने त्याचे तुकडे उडवले, आणि १९५१ साली तो पुन्हा नव्याने बांधण्यात आला. एका दगडावरची अक्षरे तीन वेळा सावरावी लागली! ‘लॅन्सेट’ने तर २०१३ साली, म्हणजे १५५ वर्षांनी, आपल्या मृत्युलेखातली चूक जाहीरपणे दुरुस्त केली. उशीर झाला खरा, पण दुरुस्ती ती दुरुस्तीच.

पंपाचेही तसेच झाले. मूळचा पंप कधीच नाहीसा झाला होता. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या मद्यगृहाला ‘जॉन स्नो’ असे नाव देण्यात आले. ज्या गृहस्थाने तरुणपणीच दारू न पिण्याचे व्रत घेतले होते, त्याच्या नावाने मद्यगृह! १९९२ साली पंपाची प्रतिकृती उभारली गेली, मुद्दाम दांड्याशिवाय. पण ती बसवली मूळ जागेपासून थोडी दूर. जाणकारांना ते खटके. २०१५ साली बांधकामासाठी ती काढावी लागली, तेव्हा ही आठवण आता कायमची गेली की काय अशी भीती होती. परंतु स्नो ह्यांच्या नावाने १९९३ सालापासून एक मंडळ चालते. वर्षातून एकदा त्याच्या वतीने पंपाच्या दांड्याच्या नावाने व्याख्यान होते, आणि त्या वेळी एक दांडा समारंभपूर्वक काढून पुन्हा बसवला जातो. असल्या माणसांनी ही आठवण विझू दिली नाही. २०१८ साली पंप परत आला, आणि ह्या वेळी तो तांबड्या दगडाजवळ, आपल्या मूळ जागी आला. उखडला गेल्यामुळेच त्याला आपली खरी जागा सापडली, असेच म्हणावे लागेल.

हे वाचताना आपल्या गावच्या जुन्या हौदांची आणि पाणपोयांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुण्यात महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद पाहायला आजही लोक जातात. मुंबईत मांडवीच्या बाजारात केशवजी नाईकांच्या नावाची १८७६ सालची पाणपोई अलीकडे नीट दुरुस्त झाली, हेही चांगले झाले. पण गावोगावच्या कितीतरी पाट्या आज तैलरंगाच्या थराखाली आणि जाहिरातींच्या कागदांखाली बुजून गेल्या आहेत. विहीर कुणी खणली, कुणासाठी खणली, तिचे पाणी कुणाला नाकारले गेले होते, हे सांगणारी अक्षरे त्याखाली आहेत. ती अक्षरे मोकळी करायला फार मोठा निधी लागत नाही. एखादी बादली, एखादा कुंचला, आणि त्या अक्षरांत काय आहे हे जाणून घेण्याची थोडी उत्सुकता एवढे पुरते. मात्र पाटी उजळताना तिच्यावरची कथा खरी आहे की नुसती सुटसुटीत आहे, हेही पाहायला हवे. पंपाच्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावायची माझ्या हाती असती, तर मी तिच्यावर तीन नावे लिहिली असती: मत बदलणाऱ्या त्या पाद्रीबाबांचे, बाळाच्या मरणाची हकीकत न लपवता सांगणाऱ्या त्या आईचे, आणि त्या पाच महिन्यांच्या मुलीचे.

ही जुनी गोष्ट झाली, असे मात्र समजू नये. २०२५ च्या प्रारंभी पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका विचित्र दुखण्याने माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच आला. आरोग्यखात्याची माणसे घरोघर हिंडू लागली, विहिरींचे पाणी तपासले जाऊ लागले, आणि दारात उभे राहून त्यांनी जे विचारले त्यात तो जुनाच प्रश्न होता: पाणी कोठले पिता? दर पावसाळ्यात गावच्या विहिरीत पांढरी टी.सी.एल. पावडर टाकायला येणारा पंचायतीचा माणूस त्याच वाटेने चालत आलेला असतो. त्याच्या नावाची पाटी कुठेही लागत नाही.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून आपण फराळाला बसतो, आणि ताटाशेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असतो. मुले तो तोंडाला लावतात, आणि आईच्या मनात कसलीही भीती येत नाही. ह्या निर्भयपणाची किंमत कुणीतरी मोजलेली आहे. ब्रॉडविक स्ट्रीटवरचा तो दांडा नसलेला पंप तेवढी एक गोष्ट सांगत उभा आहे, आणि ती ऐकायला कुणीतरी येत राहील तोवर तो पुनःपुन्हा उभा करावा लागला तरी हरकत नाही.